टिलापियाची बीजनिर्मिती : पुणे परिसर व भीमा खोरे

मूळच्या आफ्रिकेतील टिलापिया या माशाची पिले तळ्यात, जाळीच्या कप्प्यात किंवा टाक्यांत निपजवून संवर्धनासाठी तयार करणे, यास टिलापियाची बीजनिर्मिती म्हणतात. महाराष्ट्रात हा मासा ‘चिलापी’ या नावाने अधिक ओळखला जातो. गोड्या पाण्यातील बहुतेक संवर्धनयोग्य माशांच्या बाबतीत बीज मिळविणे ही मुख्य अडचण असते. टिलापियाच्या बाबतीत मात्र नको असलेली पिले होऊ न देणे ही मुख्य अडचण ठरली. त्यामुळे या माशाच्या बीजनिर्मितीचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या अनिर्बंध प्रजननास आवर घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठी वसलेला पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा आणि या नद्यांचे पाणी जेथे साठते तो भीमेवरील उजनी जलाशय, या प्रदेशात त्याची प्रचीती विशेष स्पष्टपणे येते.

नाव व जाती : टिलापिया हे वंशनाम अँड्र्यू स्मिथ यांनी १८४० मध्ये योजिले. दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतील ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे. या माशांचा समावेश सिक्लिडी कुलात होतो. इथेलविन ट्रेवावस यांनी १९८३ पर्यंत केलेल्या फेररचनेनुसार संवर्धनातील प्रमुख जाती आता ओरिओक्रोमिस या वंशात घालतात; व्यवहारात मात्र टिलापिया हेच नाव टिकून आहे. भारताच्या दृष्टीने दोन जाती महत्त्वाच्या आहेत. पहिली मोझँबिक टिलापिया (ओरिओक्रोमिस मोसांबिकस). तिचे वर्णन व्हिल्हेल्म पेटर्स यांनी १८५२ मध्ये केले. दुसरी नाईल टिलापिया (ओरिओक्रोमिस निलोटिकस). ती लिनीअस यांनी १७५८ मध्ये नोंदविली. नाईल टिलापियाची चित्रे प्राचीन ईजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर आढळतात.

नैसर्गिक प्रजनन : नर उथळ पाण्याच्या तळाशी बशीसारखा खोलगट खड्डा उकरतो आणि इतर नरांना हुसकावून त्याचे रक्षण करतो. मादी त्या खड्ड्यात अंडी घालते, ती फलित होताच तोंडात घेते आणि तोंडातच उबविते. सु. ३ ते ५ दिवसांत अंडी फुटतात. पिले पोहू लागल्यावरही काही दिवस धोका जाणवताच आईच्या तोंडात शिरतात. या काळात मादी जवळजवळ काहीच खात नाही. एका वेळच्या अंड्यांची संख्या मादीच्या आकारानुसार शंभरापासून हजारापर्यंत असते. रोहू मादीच्या दर किग्रॅ. वजनामागे दोन ते तीन लाख अंडी असतात. त्या मानाने ही संख्या अगदी अल्प आहे. परंतु रोहूची अंडी पाण्यात सोडून दिलेली असतात, तर टिलापियाची अंडी व पिले तोंडात सुरक्षित राहतात. त्यामुळे त्यांतील पुष्कळशी जगतात.

मोझँबिक टिलापिया दोन-तीन महिन्यांची होताच, सु. ८ ते १० सेंमी. लांबीची असताना, प्रजननक्षम होते आणि पाणी उबदार असल्यास दर महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी घालते. याचा परिणाम असा की, तळ्यात सोडलेले मासे विक्रीयोग्य आकाराचे होण्यापूर्वीच त्यांची पिले, आणि पुढे त्या पिलांची पिले, तळ्यातील खाद्य वाटून घेतात. तळे माशांनी भरते. पण त्यांपैकी कोणताच मासा मोठा होत नाही. शिवाय मादीची बरीचशी शक्ती अंडी व उपवास यांत खर्च होत असल्याने ती नरापेक्षा सावकाश वाढते.

बीजटंचाईची पार्श्वभूमी : टिलापियाचे भारतात स्वागत का झाले, हे समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यातील मत्स्यसंवर्धनाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प मासे पावसाळ्यातील पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यातील संथ पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. या व्यापाराचे मोठे केंद्र बंगालमध्ये होते आणि तेथून देशाच्या इतर भागांत बीज रेल्वेने पाठविले जाई. वाटेत पुष्कळ बीज मरे, शिवाय त्यात निरुपयोगी माशांची पिलेही मिसळलेली असत. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले. त्यानंतर ही कोंडी हळूहळू फुटली. त्याआधीच्या काळात, कोणत्याही तळ्यात स्वतःहून वाढणारा आणि बीज विकत घ्यावे न लागणारा मासा लहान मत्स्यशेतकऱ्याला वरदान वाटला, यात नवल नाही.

प्रसार व निर्बंध : मोझँबिक टिलापियाचा आशियातील प्रवास जावा बेटावरून सुरू झाला. १९३९ च्या सुमारास तेथील दक्षिण किनाऱ्यावरील एका खाजणात मुजाइर नावाच्या गृहस्थांना हे मासे प्रथम सापडले. त्यांनी ते तळ्यात वाढविले आणि इंडोनेशियात हा मासा त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आफ्रिकेतून तो तेथे कसा पोहोचला, याचा उलगडा झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर तो आग्नेय आशियात झपाट्याने पसरला.

भारतात हा मासा १९५२ मध्ये बँकॉक व श्रीलंका येथून आणण्यात आला आणि तमिळनाडूतील मंडपम् येथील मत्स्यसंशोधन केंद्रात वाढविण्यात आला. तेथून तो दक्षिणेतील तळी व जलाशय यांत गेला. थोड्याच वर्षांत अतिप्रजननामुळे खुरटलेले मासे आणि स्थानिक माशांशी होणारी स्पर्धा हे दोष दिसून आले. तेव्हा १९५९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. परंतु तोपर्यंत हा मासा तळ्यांबाहेर पडला होता. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात तो नेण्यासाठी कोणत्याही केंद्राची वा तज्ञाची गरज नव्हती. बादलीतून नेलेली काही जिवंत जोडपी पुरेशी होती. बंदी कागदावर राहिली आणि मासा पाण्याबरोबर पसरत गेला.

पुणे परिसरातील आगमन : पुण्याच्या नद्यांतील माशांचा अभ्यास जुना आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी दिली. टिलापिया भारतात येण्यापूर्वीच्या या नोंदी असल्याने पुढील बदल मोजण्यास त्या आधारभूत ठरतात. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या २००० नंतर झालेल्या पाहण्यांत मोझँबिक टिलापिया नोंदला गेला आहे. म्हणजे सु. अर्ध्या शतकात एक परका मासा या नद्यांचा कायमचा रहिवासी झाला.

याच अर्धशतकात नद्यांचे स्वरूपही पालटले. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पवनेच्या दोन्ही तीरांवर कारखाने वाढले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत इंद्रायणी व भामा यांच्या मधल्या पठारावर पसरली. धरणांमुळे नद्यांचा प्रवाह खंडित झाला, बंधाऱ्यांमागे पाणी साचून राहू लागले आणि त्यात सांडपाण्याची भर पडली. वाहत्या, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध पाण्यात अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांना ही परिस्थिती प्रतिकूल होती. संथ, कोमट, शेवाळयुक्त आणि अल्प प्राणवायूचे पाणी सहन करणाऱ्या टिलापियाला ती अनुकूल ठरली. म्हणून स्थानिक माशांच्या ऱ्हासाचा सर्व दोष टिलापियाकडे देणे युक्त नाही. प्रदूषणाने व बंधाऱ्यांनी रिकामी केलेली जागा त्याने मोठ्या प्रमाणावर व्यापली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. एकदा जम बसल्यावर मात्र तो इतर माशांची अंडी, पिले व खाद्य यांवर ताण आणतो आणि त्यांचे पुनरागमन अवघड करतो.

पवना मुळेस मिळते, मुळा-मुठेचे पाणी भीमेत जाते, इंद्रायणी तुळापूर येथे आणि भामाही पुढे भीमेसच मिळते. हे सर्व पाणी १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात साठते. शहरी सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे तेथे शैवल व प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) विपुल वाढतात आणि टिलापियास आयते खाद्य मिळते. त्यामुळे जलाशयातील मासेमारीत चिलापीचा वाटा मोठा आहे. इंदापूर, भिगवण या बाजारांत तो नित्य विकला जातो आणि भोई समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर चालते. ज्या माशाच्या प्रसारावर बंदी घातली गेली, तोच मच्छीमारांच्या चरितार्थाचे साधन झाला, ही या इतिहासातील महत्त्वाची गुंतागुंत आहे. त्याचे समूळ उच्चाटन आता शक्य नाही, आणि पर्यायी मासा उपलब्ध नसताना ते या कुटुंबांच्या हिताचेही नाही.

महसीरशी तुलना : इंद्रायणीच्या उगमाजवळ, लोणावळे येथील वळवण तलावाकाठी, बीजनिर्मितीचा अगदी उलट प्रकारचा प्रयोग झाला. दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या माशाचे वर्णन साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले होते. या माशाची संख्या घटत चालल्याने टाटा वीज कंपनीच्या तलावांवर १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी यांनी व पुढे एस्. एन्. ओगले यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. परिपक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढणे, ती नराच्या शुक्रद्रवाने फलित करणे आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात उबविणे, अशी ती पद्धत होती. या केंद्रातून देशाच्या अनेक भागांत महसीरची पिले पाठविण्यात आली. एकाच नदीच्या खोऱ्यात एका माशाची पिले मिळविण्यास तज्ञांना आयुष्य वेचावे लागले आणि दुसऱ्याची पिले आवरता आली नाहीत.

तथापि महसीरच्या यशासही एक मर्यादा होती. दख्खनी महसीरची पिले कावेरीतही सोडण्यात आली. तेथील मूळ रहिवासी असलेला मोठ्या वशिंडाचा महसीर (टॉर रेमादेवी) पुढे अत्यंत दुर्मिळ झाला आणि २०१८ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. बाहेरून आणलेल्या महसीरची स्पर्धा हे त्याचे एक कारण मानले जाते. मासा परदेशी असो वा देशी, त्याचे बीज कोणत्या पाण्यात जाते हा प्रश्न बीजनिर्मितीपासून वेगळा करता येत नाही, हा याचा बोध आहे.

प्रजननास आवर घालण्याच्या पद्धती : खुरटलेल्या माशांच्या समस्येवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे केवळ नर वाढविणे. आरंभी हे काम हाताने केले जाई. सु. २५ ते ३० ग्रॅ. वजनाच्या माशाच्या पोटाखालील जननांकुर तपासल्यास नरात दोन व मादीत तीन छिद्रे दिसतात. त्यावरून माद्या वेगळ्या काढीत. ही पद्धत कष्टाची असून तीत चुका होतात आणि वाढविलेले निम्मे मासे वाया जातात. दुसरा उपाय तळ्यात मरळासारखा मांसाहारी मासा ठेवण्याचा. तो नको असलेली पिले खातो. तिसरा मार्ग संकराचा होता. मलॅका येथील संशोधन केंद्रात सी. एफ्. हिकलिंग यांना १९६० च्या सुमारास असे आढळले की, मोझँबिक टिलापियाची मादी व झांझिबारकडील टिलापियाचा नर यांच्या संकरातून केवळ नर संतती मिळते. परंतु दोन्ही जाती पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखणे लहान शेतावर साधत नाही. थोडी भेसळ झाली तरी संततीत माद्या येऊ लागतात.

१९७० नंतर हॉर्मोनाच्या (वाहिनीविहीन ग्रंथींपासून रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावाच्या) साह्याने लिंगपरिवर्तन करण्याची पद्धत व्यवहारात आली आणि आज तीच सर्वाधिक प्रचलित आहे. माशाच्या पिलांचे लिंग अंड्यातून बाहेर पडताना बाह्यतः निश्चित झालेले नसते. या अवस्थेत त्यांना मिथिल टेस्टोस्टेरॉन हे नरहॉर्मोन खाद्यातून दिल्यास जनुकीय दृष्ट्या मादी असलेली पिलेही नर म्हणून वाढतात.

लहान केंद्रातील कार्यपद्धती पुढीलप्रमाणे असते. बारीक नायलॉनच्या जाळीचे चौकोनी कप्पे, म्हणजे हापे, तळ्यात बांबूंना बांधून टांगतात. प्रत्येक हाप्यात एका नरास तीन माद्या या प्रमाणात प्रजनक मासे सोडतात. दर पाच ते सात दिवसांनी माद्या पकडून त्यांच्या तोंडातील अंडी काढून घेतात. ही अंडी गोलाकार बुडाच्या बरण्यांत ठेवून त्यांतून पाण्याचा मंद प्रवाह सोडतात. अंडी सतत हलती राहिल्याने त्यांना प्राणवायू मिळतो व बुरशी लागत नाही. मादी तोंडात अंडी घोळविते, त्याचेच हे अनुकरण होय. सु. २८° से. तापमानाच्या पाण्यात तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पोटाखालील पीतकाची पिशवी संपून पिले पोहू लागली की, त्यांना २१ ते २८ दिवस हॉर्मोनयुक्त खाद्य देतात. हे खाद्य बनविताना हॉर्मोन अल्कोहॉलात विरघळवून दर किग्रॅ. खाद्यास सु. ६० मिग्रॅ. या प्रमाणात मिसळतात व ते सावलीत वाळवितात. अंडी आईच्या तोंडातून लवकर काढल्याने सर्व पिले एकाच वयाची मिळतात. वय वाढलेल्या पिलांवर हॉर्मोनाचा परिणाम होत नसल्याने हे समवयस्कत्व अत्यावश्यक असते. मासा विक्रीस येईपर्यंत मधे काही महिने जातात व तेवढ्यात शरीरातील हॉर्मोन निघून जाते. मात्र खाद्य हाताळणाऱ्याने हातमोजे वापरावेत आणि टाक्यांतील पाणी थेट ओढ्यात सोडू नये, ही दक्षता आवश्यक असते.

सुधारित वाण व नियम : मनिला येथील आंतरराष्ट्रीय जलसंपदा केंद्राने १९८८ मध्ये नाईल टिलापियाच्या सुधारणेचा कार्यक्रम हाती घेतला. ईजिप्त, घाना, केन्या व सेनेगल येथील रानटी मासे आणि इझ्राएल, सिंगापूर, तैवान व थायलंड येथील पाळीव मासे यांच्या संयोगातून ‘गिफ्ट’ हा वाण निवडीने तयार झाला. आरंभीच्या पिढ्यांत वाढीचा वेग दर पिढीस १० ते १५ टक्क्यांनी वाढत गेला. भारतात शासनाने टिलापिया संवर्धनास नियमांच्या चौकटीत अनुमती दिल्यावर, राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने वर्ल्डफिश या संस्थेच्या सहकार्याने २०११ पासून विजयवाड्याजवळील मणिकोंडा येथे गिफ्टचे काम सुरू केले. केवळ नर किंवा वंध्य मासे वाढविणे, बीज मान्यताप्राप्त केंद्रातूनच घेणे, शेताची नोंदणी करणे आणि तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेवर जाळ्या बसविणे, या नियमांतील मुख्य अटी होत. २०१४ मध्ये इझ्राएलमध्ये ओळखला गेलेला टिलापिया सरोवर विषाणू २०१८ मध्ये भारतातही नोंदला गेला; त्यामुळे निरोगी प्रजनक माशांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

औद्योगिक पट्ट्यातील लहान शेते : कारखान्यांमुळे शेतजमीन घटली, तरी मावळ, खेड व हवेली तालुक्यांत लहान शेतकरी टिकून आहेत. २०१६ पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेततळ्यांची संख्या वाढली. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत टाक्यांतील फेरवापर-पद्धती व बायोफ्लॉक यांस साहाय्य मिळू लागले. औद्योगिक वसाहतींत पूर्व व उत्तर भारतातून आलेला कामगारवर्ग गोड्या पाण्यातील मासा आवडीने खातो. त्यामुळे अशा शेतांना बाजारपेठ जवळ आहे.

या भागात बीजनिर्मितीचा हंगाम हवामानाने मर्यादित होतो. पाण्याचे तापमान सु. २२° से. खाली गेल्यास टिलापियाचे प्रजनन मंदावते. म्हणून हिवाळ्यात उघड्यावरील हाप्यांत अंडी कमी मिळतात. पाण्याची शुद्धता ही दुसरी मर्यादा होय. टिलापिया मलिन पाण्यात जगतो, याचा अर्थ त्या पाण्यातील मासा खाण्यास योग्य असतो असा नव्हे. या पट्ट्यातील केंद्रांनी विहीर, धरण किंवा पावसाचे तपासलेले पाणी वापरणे इष्ट ठरते.

तिसरा प्रश्न बीजाच्या खात्रीचा आहे. केवळ नरांचे म्हणून घेतलेल्या हजार बोटुकल्यांत पाच टक्के माद्या राहिल्या, तरी त्यांची संख्या ५० होते. प्रत्येक मादीने एका वेळी दोनशे पिले वाढविली, तर पहिल्याच खेपेस तळ्यात १०,००० पिलांची भर पडते. याचा तोटा प्रथम शेतकऱ्यास होतो : खाद्याचा खर्च वाढतो आणि मासा लहान राहतो. पावसाळ्यात तळे ओसंडून वाहिल्यास हीच पिले ओढ्यातून इंद्रायणी किंवा भामेत जातात आणि तोटा नदीस होतो. मोझँबिक टिलापिया तेथे आधीच आहे. परंतु नाईल टिलापिया आकाराने मोठी होते, वेगाने वाढते व त्याच्याशी संकर करते. चांगल्या बीजकेंद्राचे मूल्य म्हणूनच किती पिले दिली यापेक्षा त्यांत माद्या किती कमी राहिल्या यावरून ठरते.

मूल्यमापन : जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत मोझँबिक टिलापियाचा समावेश आहे. आफ्रिकेतील आपल्या मूळ नद्यांत मात्र तीच जाती आज असुरक्षित मानली जाते. कारण संवर्धनासाठी नेलेली नाईल टिलापिया तेथे नदीत सुटली आणि संकरामुळे तिचे शुद्ध रूप लोपत चालले. स्वतःच्या घरी संकटात असलेला मासा भीमेच्या खोऱ्यात विपुल आहे. लहान शेतकऱ्याला स्वस्त प्रथिने व उत्पन्न देण्याची टिलापियाची क्षमता निर्विवाद आहे आणि तिचा त्याग करण्याचे कारण नाही. परंतु १९५२ नंतरचा अनुभव असा की, एकदा नदीत गेलेला मासा कोणत्याही बंदीने परत आणता येत नाही. त्याला रोखण्याची संधी बीजकेंद्रात, पिले पोहू लागल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत आणि तळ्याच्या सांडव्यावरील जाळीपाशी असते.